गल्ल्यासमोर पिस्तूल नको

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हादंडाधिकारी,
पुणे

विषय : भोर व वेल्हे तालुक्यांतील दुकाने, हॉटेले व बाजारपेठांत परवानाधारकांकडून उघडपणे बाळगल्या जाणाऱ्या शस्त्रांबाबत.

महोदय,



मी भोरच्या बाजारपेठेत किराणा दुकान चालवतो. हे पत्र आपल्या नावे आहे, पण ते माझ्या गावकऱ्यांनी, व्यापारी बांधवांनी आणि ज्यांच्याकडे पिस्तुलाचा परवाना आहे त्यांनीही वाचावं म्हणून खुलं लिहितो आहे. कारण ज्या गोष्टीविषयी लिहायचं आहे ती आमच्याकडे सगळ्यांना दिसते आणि तिच्यावर कोणी बोलत नाही. ती गोष्ट म्हणजे दुकानात कमरेचं पिस्तूल दिसेल अशा बेताने उभं राहणारं गिऱ्हाईक.

मागणी सुरुवातीलाच सांगतो. भोर तालुक्यातल्या आणि वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड, तालुक्यातल्या प्रत्येक दुकानात, हॉटेलात, पेट्रोल पंपावर आणि मंगल कार्यालयात आपल्या कार्यालयाच्या नावाचा एक फलक लागावा : या जागेत शस्त्र उघडपणे बाळगण्यास किंवा दाखवण्यास मनाई आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. कायदा आहे. तो आमच्या शटरच्या आत पोचलेला नाही, एवढंच.

आमच्या भागाचं चित्र आपल्याला कागदांवरून माहीत असेलच. कापूरहोळ, नसरापूर, किकवीच्या बाजूने पुणे-सातारा महामार्ग जातो. भाटघर, गुंजवणी, पानशेतच्या पाण्याकाठी गेल्या काही वर्षांत जमिनींना भाव आला. आंबेमोहर आणि इंद्रायणी पिकवणारी खाचरं प्लॉट झाली, डोंगराच्या कुशीत फार्महाऊस उभी राहिली. जमिनीच्या पैशाबरोबर जमिनीचे वाद आले, वादांबरोबर मध्यस्थ आले, आणि त्यांच्यातल्या काहींच्या कमरेला पिस्तूल आलं. एकेकाळी गावात बंदूक म्हणजे रानडुकरं राखायला शेतकऱ्याने घेतलेली ठासणीची किंवा एकनळी, नाहीतर बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्याची. तिच्यामुळे कोणी दचकत नसे. रानातली बंदूक रानात आणि बँकेची बँकेत असे. साखर-चहापत्ती घ्यायला ती कधी आली नाही. आताचं पिस्तूल मात्र माणूस जाईल तिथे जातं, आणि पुष्कळदा ते दिसावं अशीच त्याची मांडणी असते.

दिवाळीच्या बाजारातला एक प्रसंग सांगतो. दुकानात उटणं, पणत्या, रवा-मैद्याची गर्दी होती. एक गृहस्थ आले, शर्टाची एक बाजू मागे सारलेली. गल्ल्यावर हात टेकून उभे राहिले तशी कमरेच्या चामडी पाकिटातून काळी मूठ बाहेर आली. त्यांच्या शेजारी सात-आठ वर्षांची एक मुलगी आईचा पदर धरून उभी होती. तिचा चेहरा बरोबर त्या मुठीच्या उंचीवर होता आणि ती तिच्याकडे एकटक बघत होती. आईचं लक्ष गेलं तसं तिने काही न बोलता मुलीला दुसऱ्या हाताला घेतलं, अर्धी यादी तशीच ठेवली आणि "नंतर येते" म्हणून निघून गेली. मागचे दोघं पायरीवरच थांबले. माझ्याकडे कामाला असलेला मुलगा रवा तोलत होता, पण त्याची नजर काट्यावर नव्हती.

त्या गृहस्थांनी कोणाला काही वावगं म्हटलं नाही. उधारी मागितली नाही, घासाघीस केली नाही. रोख पैसे दिले, सुट्टे परत घेतले, "येतो शेठ" म्हणाले आणि गेले. तरीही ते उभे होते तेवढा वेळ दुकानातला प्रत्येक माणूस आवाज उतरवून बोलत होता. ती बाई त्या दिवशी परत आली नाही. हा गुन्हा कुठल्या वहीत लिहायचा? धमकी नाही, मारहाण नाही, नुकसानीचा पंचनामा होईल असं काही नाही. फक्त एक बाजारपेठ थोडा वेळ गप्प झाली.

गुंजवण्याच्या बाजूला राजगडावर जाणाऱ्यांना घरगुती जेवण देणाऱ्या एका ताईंनीही असंच सांगितलं. जेवायला बसल्यावर पिस्तूल कमरेला टोचतं, म्हणून काही जण ते काढून ताटाशेजारी टेबलावर ठेवतात. ताईंनी पिठलं-भाकरी वाढायची ती त्या पिस्तुलावरून हात नेऊन. बिल किती झालं हे सांगतानाही त्यांचा स्वर विचारल्यासारखा होतो. घरची माणसं म्हणतात, जाऊ दे, गिऱ्हाईक आहे, तासाभरात निघून जाईल. पण दर शनिवार-रविवारी नवं गिऱ्हाईक येतं.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपण परवाना प्राधिकारी आहात, आपल्याला तो पाठच असणार. मी लिहितो आहे ते माझ्यासारख्या दुकानदारांसाठी. शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे आणि त्याखालची सध्याची नियमावली २०१६ ची. तिच्या ३२ व्या नियमाप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचं तर ते अंगावर बांधलेल्या, त्यासाठीच बनवलेल्या पाकिटात किंवा पिशवीत असलं पाहिजे. ते पूर्णपणे झाकलेलं असलं पाहिजे. आणि नेणाऱ्याचा त्याच्यावर पूर्ण ताबा असला पाहिजे. अर्थ उघड आहे. शर्टाबाहेर मूठ दिसते, तिथे नियम मोडलेला असतो. ताटाशेजारी ठेवलेलं पिस्तूल झाकलेलंही नसतं आणि ताब्यातही नसतं. परवान्याच्या अटी मोडल्या तर अधिनियमाच्या १७ व्या कलमाखाली आपण परवाना निलंबित किंवा रद्द करू शकता. ३० व्या कलमाखाली शिक्षाही आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली, आणि आनंदाच्या भरात किंवा निष्काळजीपणे गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. म्हणजे संसदेलाही हा धोका दिसलेला आहे.

मग अडतं कुठे? नियम सांगायचा कोणी, इथे. पुण्यातल्या मॉलच्या दारात धातू शोधणारी कमान असते, गणवेशातला माणूस असतो, त्याच्या मागे कंपनी असते. आमच्या दुकानाला दार म्हणजे एक शटर आणि दारावरचा माणूस म्हणजे बारावी झालेला, महिन्याच्या पगारावर घर चालवणारा पोरगा. त्याने पिस्तूलवाल्याला "साहेब, हे झाका" म्हणावं अशी अपेक्षा कोण करील? मालकाचीही तीच गत. समोरचा माणूस कोण, कोणाचा, संध्याकाळी कोणाबरोबर बसतो, हे आम्हाला ठाऊक असतं. नसलं तरी अंदाज असतो. गाव लहान आहे. उद्या पुन्हा त्याच्याच समोरून जायचं आहे. कायद्याने तोंड उघडायला परवानगी दिली आहे, पण तोंड उघडण्याची सगळी जोखीम सर्वांत कमी ताकदीच्या माणसावर टाकली आहे.

याच दुकानात, माझ्या डोक्यामागच्या भिंतीवर दुसरा एक फलक आहे. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकणं गुन्हा आहे, असं त्यावर लिहिलेलं आहे. तंबाखू विकणाऱ्या प्रत्येक दुकानात तो असावा हे २००३ च्या तंबाखू कायद्याखालच्या नियमांनी ठरवलं. त्या फलकाने केलेलं काम मी रोज बघतो. ओळखीच्या घरातला चौदा वर्षांचा मुलगा "पप्पांनी मागवलंय" म्हणत पुडी मागतो, तेव्हा मला त्याच्याशी वाद घालावा लागत नाही आणि त्याच्या पप्पांशी वाकडं घ्यावं लागत नाही. मी भिंतीकडे बोट दाखवतो. "बाळा, सरकारचा बोर्ड आहे, मला देता येत नाही." विषय संपतो. नकार माझा राहत नाही, कायद्याचा होतो. पिस्तुलाच्या बाबतीत मला एवढंच हवं आहे. बोट दाखवायला एक फलक, आणि त्या फलकाखाली आपलं नाव.

कोणी म्हणेल, एवढं काय आहे? परवाना आहे, माणूस ओळखीचा आहे, गोळी तर झाडत नाही. याला माझं उत्तर गेल्या दोन-तीन वर्षांतल्या महाराष्ट्राच्या बातम्यांतच आहे. शेजारच्या मुळशी तालुक्यात, धडवली गावात जमिनीच्या वादात शेतकऱ्यांसमोर पिस्तूल दाखवल्याचा व्हिडिओ जुलै २०२४ मध्ये देशभर पसरला. तो इतका गाजला याचं एक कारण पिस्तूल दाखवल्याचा आरोप ज्यांच्यावर झाला त्या एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या आई होत्या. पौड पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, अटक झाली, परवाना रद्द का करू नये अशी नोटीस निघाली. पण मूळ प्रसंग त्याच्या कितीतरी महिने आधीचा होता. ज्यांच्यावर ते पिस्तूल रोखलं गेलं ते शेतकरी तेव्हाही होते. व्हिडिओ पसरेपर्यंत त्यांची भीती कोणाला दिसली नव्हती.

जुलै २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या चौफुल्याजवळच्या एका कला केंद्रात कार्यक्रम चालू असताना हवेत गोळीबार झाल्याचा गुन्हा यवत पोलिसांत नोंदला गेला. तिथे कलावंत होते, प्रेक्षक होते, पाणी देणारी पोरं होती. बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि त्यानंतर तिथल्या शस्त्र परवान्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. पिस्तुलं मिरवणाऱ्यांचे व्हिडिओ बाहेर पडले आणि प्रशासनाला शंभराहून अधिक परवाने रद्द करावे लागले. म्हणजे रद्द करता येतात. ते आधी करता आले असते का, हा प्रश्न तिथल्या लोकांनी विचारला. आमच्याकडे तो नंतर विचारायची वेळ येऊ नये.

ओळखीचा माणूस आणि परवान्याचं शस्त्र म्हणजे सुरक्षित, हाही भ्रम आहे. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरला हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या खोलीत गोळीबार झाला. आरोप तेव्हाच्या एका आमदारावर आहे. पोलिसांनी भरलेल्या खोलीत जे घडू शकतं ते सराफाच्या पेढीत घडणार नाही असं कोण सांगेल? त्यानंतर सहाच दिवसांनी दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. त्यात वापरलेलं पिस्तूल मारेकऱ्याच्या खासगी अंगरक्षकाच्या परवान्यावरचं असल्याचं तपासात पुढे आलं. परवाना एकाचा, हात दुसऱ्याचा. आणि १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या स्वतःच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि त्यांच्या पायात घुसली. तिथे भांडण नव्हतं, शत्रू नव्हता, वाईट हेतू नव्हता. घरात, कपाटापाशी, एका क्षणात हे झालं. तीच गोळी दिवाळीच्या गर्दीत, पणत्यांच्या ढिगापाशी सुटली तर ती कोणाच्या पायात जाईल? त्या मुलीची उंची मी वर सांगितलीच आहे.

दुकानदाराच्या अंगाने आणखी एक गोष्ट. पिस्तूल रोखून सराफांना लुटण्याच्या घटना पुणे जिल्ह्यात झालेल्या आहेत. आत आलेला माणूस गिऱ्हाईक आहे की दरोडेखोर हे ओळखायला पेढीवरच्या माणसाला दोन सेकंद मिळतात. दरोडेखोरही आधी पिस्तूलच दाखवतो. मग परवानाधारकांची उघडी पिस्तुलं ज्या बाजारात सर्रास दिसतात, तिथे खऱ्या धोक्याच्या वेळी कोणीही सावध होणार नाही. सगळ्यांची नजर मेलेली असेल. आणि नजर मेली नसेल तर एखाद्या निर्दोष परवानाधारकालाच कोणी दरोडेखोर समजून काहीतरी भलतं करून बसेल. शस्त्र झाकून ठेवणं हे ते बाळगणाऱ्याच्याही हिताचं आहे ते यासाठी.

मी परवान्यांच्या विरोधात नाही. रात्री उशिरा रोकड घेऊन घरी जाणारा पंपमालक, सोन्याची ने-आण करणारा सराफ, डुकरांच्या तावडीतून भात वाचवणारा शेतकरी, निवृत्त फौजी, यांना शस्त्राची गरज असू शकते आणि ती तपासून परवाना देणं हे आपलं काम आहे. पण पिस्तुलाचा परवाना स्वसंरक्षणासाठी असतो. झाकलेलं पिस्तूल स्वसंरक्षणाला कुठे कमी पडतं? ते बाहेर काढून दाखवण्याने वाढतो तो फक्त रुबाब, आणि रुबाबासाठी परवाना देण्याची तरतूद कुठल्याही कायद्यात नाही.

या बाबतीत अमेरिकेचा दाखला देण्यासारखा आहे, कारण आपल्याकडच्या अनेक घरांतली मुलं आज तिथे नोकरीला आहेत आणि तिथल्या बातम्या आपल्या घरात येतात. तिथल्या कित्येक राज्यांत बंदूक उघडपणे बाळगणं कायदेशीर आहे. २०१३ मध्ये स्टारबक्स या कॉफीच्या साखळीच्या प्रमुखांनी, हॉवर्ड शुल्ट्झ यांनी, ग्राहकांना खुलं पत्र लिहून विनंती केली की बंदुका घेऊन आमच्या दुकानांत येऊ नका. ३ ऑगस्ट २०१९ रोजी टेक्सासमधल्या एल पासो शहरात वॉलमार्टच्या दुकानात एका माणसाने गोळीबार केला. त्यात शेवटी तेवीस जीव गेले. पाचच दिवसांनी मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डमध्ये एक तरुण चिलखती जाकीट घालून, रायफल घेऊन वॉलमार्टमध्ये शिरला. त्याने गोळी झाडली नाही. आपल्या हक्काची परीक्षा घ्यायची होती, असं तो म्हणाला. लोक जिवाच्या आकांताने बाहेर पळाले. त्याच्या पुढच्या महिन्यात वॉलमार्टने जाहीर केलं की कायदा परवानगी देत असला तरी ग्राहकांनी आमच्या दुकानांत उघडपणे बंदूक आणू नये. क्रोगर या किराणा दुकानांच्या साखळीने त्याच दिवशी तसंच सांगितलं, पाठोपाठ सीव्हीएस आणि वॉलग्रीन्स या औषधांच्या साखळ्यांनीही.

तिथे उघड बंदुकीला कायद्याने मनाई नव्हती, तरी दुकानदार बोलला. कारण तो हजारो दुकानांचा मालक होता. टेक्सासमध्ये तर दुकानदाराने दारावर ठरावीक मजकुराचा फलक लावला की आत बंदूक आणणं हा गुन्हा ठरतो, अशी व्यवस्था कायद्यातच केलेली आहे. आपल्याकडे उलट स्थिती आहे. कायदा आमच्या बाजूने आहे, पण भोरच्या किराणा दुकानदाराच्या मागे वॉलमार्टएवढं बळ नाही. त्याच्या मागे उभं राहील असं एकच बळ आहे, ते म्हणजे जिल्हादंडाधिकाऱ्याचं.

आता आमच्या मातीविषयी. हे हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरं. इथे रायरेश्वर आहे, रोहिडा आहे, तोरणा आणि राजगड आहेत. दसऱ्याला आमच्या घराघरांत शस्त्रपूजन होतं आणि व्हायला हवं. पिस्तूल मिरवणारे काही तरुण याच वारशाचं नाव घेतात. गाडीच्या काचेवर शिवाजी महाराजांचं चित्र आणि कमरेला पिस्तूल, हे शोभून दिसतं असं त्यांना वाटतं. त्यांना मी महाराजांच्याच एका पत्राची आठवण करून देतो. १६७३ साली चिपळूणजवळ छावणी करून असलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना ते लिहिलेलं आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आणि वैरण जपून वापरा, असं त्यात बजावलं आहे. तो संपला म्हणून कुणब्यांच्या घरचे दाणे, भाकरी, गवत, भाजी हिसकावू नका. लागेल ते बाजारात जाऊन पैसे देऊन घ्या. रयतेला त्रास दिलात तर लोक म्हणतील की यांच्यापेक्षा मोगल बरे, अशी ताकीद आहे. ज्यांच्या हातात तलवार होती, ज्यांनी ती खऱ्या युद्धात चालवली होती, त्यांना राजाने सांगितलं की बाजारात तुम्ही गिऱ्हाईक आहात. शस्त्राचा धाक बाजारात चालणार नाही, हा या मुलखातला साडेतीनशे वर्षांपूर्वीचा हुकूम आहे. वारसा सांगायचा तर हाही सांगितला पाहिजे.

आपल्याकडून आमच्या अपेक्षा पाच आहेत.

पहिली, वर सांगितलेला फलक. मजकूर मराठीत, मोठ्या अक्षरांत, सगळीकडे एकसारखा. त्यावर नियमाचा उल्लेख, आपल्या कार्यालयाचं नाव आणि ११२ हा क्रमांक. भोर नगरपरिषद, ग्रामपंचायती आणि व्यापारी संघटना तो लावून घेतील. दुकानदाराला स्वतःहून लावायचा की नाही, असा पर्याय ठेवू नये. एकाच दुकानात फलक असला तर तो त्या दुकानदाराचा राग समजला जाईल. सगळ्यांकडे असला तर तो नियम समजला जाईल.

दुसरी, परवानाधारकांना लेखी समज. प्रत्येक परवान्याची नोंद राष्ट्रीय पातळीवर संगणकात आहे आणि प्रत्येकाला स्वतंत्र ओळख क्रमांक आहे. तेव्हा कोणाकडे काय आहे हे शासनाला माहीत आहे. आपल्या अखत्यारीतल्या प्रत्येक परवानाधारकाला ३२ व्या नियमाची प्रत पाठवून पोच घ्यावी. नव्या परवान्याच्या आणि नूतनीकरणाच्या वेळी, मी शस्त्र झाकून बाळगीन, दुकानात, समारंभात, जेवणाच्या टेबलावर ते काढणार नाही, असं हमीपत्र घ्यावं. पुणे शहर पोलीस आयुक्तालयाने दिलेले परवाने घेऊन सुट्टीला इकडे येणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी आयुक्तांनाही आपण पत्र लिहावं.

तिसरी, तक्रारदाराचं नाव गुप्त राहील अशी वाट. भोर, राजगड आणि वेल्हे या तिन्ही पोलीस ठाण्यांना स्पष्ट सूचना असावी की दुकानदाराचा फोन आला तर पोलिसांनी यायचं ते नेहमीची तपासणी म्हणून. "कोणी तक्रार केली" हे सांगायची गरज नाही. मूठ दिसते आहे, तेवढा पुरावा पुरे आहे.

चौथी, कारवाई. पहिल्या वेळी नोटीस, दुसऱ्या वेळी निलंबन, तिसऱ्या वेळी रद्द. हा क्रम सगळ्यांना सारखा लागू व्हावा. परवानाधारक कोणत्या पक्षाचा, कोणाचा नातेवाईक, हे फाइलच्या बाहेर राहावं. निवडणूक आली की छाननी समिती बसते आणि ज्यांच्यापासून धोका वाटतो त्यांची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा होतात. मतदान केंद्राच्या आसपास पिस्तूल नको हे शासनाला पटतं. मग बाजाराच्या गर्दीतही ते नको, हे पटायला अडचण काय? महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली सणासुदीला शस्त्रबंदीचे आदेश निघतात, वर्तमानपत्रात आतल्या पानावर छापून येतात आणि तिथेच राहतात. ते बाजारपेठेत वाचले जातील अशी व्यवस्था करा.

पाचवी, दरवर्षी तालुकानिहाय आकडे जाहीर करा : परवाने किती, नोटिसा किती, रद्द किती. नावं नकोत, आकडे पुरेत. नियम कागदावर आहे की रस्त्यावर, हे त्यावरून लोकांना कळेल.

व्यापारी बांधवांनाही दोन शब्द. आपण एकेकटे गप्प बसतो कारण गिऱ्हाईक तुटायची भीती असते. पण पिस्तूलवाल्या एका गिऱ्हाइकामुळे पायरीवरून परत गेलेली गिऱ्हाइकं आपण मोजत नाही. बायाबापड्या, म्हातारी माणसं, सुट्टीला आलेले ट्रेकर, हीच आपली रोजची विक्री आहे. फलक येईपर्यंत संघटनेच्या नावाने आपण विनंतीचा कागद तर आजच लावू शकतो. मालकीच्या जागेत कोणती शिस्त पाळायची हे सांगण्याचा हक्क आपला आहे. आणि ज्यांच्याकडे स्वतःचाच परवाना आहे अशा व्यापाऱ्यांनी सुरुवात स्वतःपासून करावी. गल्ल्याच्या खणात चाव्यांबरोबर पिस्तूल ठेवण्याची सवय सोडावी. त्या खणात नोकराचाही हात जातो आणि घरच्या पोरांचाही.

परवानाधारक मित्रांनो, तुम्ही आमचेच आहात. तुमच्यातल्या बहुतेकांचा कोणाला घाबरवण्याचा हेतू नसतो हे मी जाणतो. पण समोरच्याला तुमचा हेतू दिसत नाही, मूठ दिसते. ती शर्टाखाली राहिली तर तुमचं काही कमी होत नाही आणि दुकानातल्या चार माणसांचा जीव भांड्यात पडतो.

महोदय, आमच्या बाजाराला फार काही लागत नाही. इथे घासाघीस व्हावी, उधारीवरून कुरबूर व्हावी, वजनावरून वाद व्हावेत; "शेठ, गेल्या वेळचा तांदूळ खराब निघाला" असं कोणीही, कितीही गरीब असलं तरी, मोठ्याने म्हणू शकावं. बाजार त्याच मोकळेपणावर चालतो. तो मोकळेपणा टिकवायची तरतूद नियमावलीत २०१६ पासून आहे आणि ती वापरण्याचा अधिकार आपल्या सहीत आहे. येत्या सणासुदीच्या गर्दीआधी हे फलक लागावेत, ही आपणास आग्रहाची विनंती. ते लावण्यासाठी लागणारा खिळा-हातोडा आणि माणसं आम्ही व्यापारी पुरवू.

आपला विश्वासू,
भोर बाजारपेठेतील एक किराणा दुकानदार